सहा म्यानांचा मुद्देमाल

पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. ही घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, कारण हिच्यात माझी नोकरी जाता जाता राहिली.

सत्तरच्या आसपासचा काळ होता. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार म्हणून रुजू झालो होतो. अजून प्रोबेशनवर होतो. कायम होण्याचा हुकूम दोन महिन्यांवर आला होता. माझे वडील धरणगावला जिनिंगमध्ये कामाला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी मला स्वतःच्या घरी बसवून शिकवले आणि एक सवय लावली: पाहिले तेच लिहायचे, आणि पाहिले ते सगळे लिहायचे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पोलीस खात्यात या सवयीचा फायदा होतो. कधी कधी दुसरेही काही होते.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सह्या करत होतो. बाजारपेठेतले कापडाचे एक व्यापारी आत आले, दार लोटून घेतले आणि खुर्चीच्या काठावर बसले.

"साहेब, माझं नाव कुठे यायला नको."

"नाही येणार, शेठजी. बोला."

"समोरचे नाना आहेत ना, चामड्याचं काम करतात ते. आठ दिवसांपासून पिस्तुलाचे पट्टे करतायत. एक नाही, दोन नाही, सहा. दुकानात बसून मी स्वतः मोजलेत."

"गिऱ्हाईक कोण?"

"जवान पोरं येतात. कुजबुजतात. कमरेचं माप देतात आणि जातात. आता साहेब, पिस्तूल नसलेला माणूस पिस्तुलाचा पट्टा कशाला करेल?"

गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दी जवळ, चोरट्या हत्यारांच्या बातम्या अधूनमधून येत. सहा पट्टे म्हणजे सहा पिस्तुले, हा हिशेब मला अगदी सरळ वाटला. माझे हवालदार वीस वर्षांच्या नोकरीचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, आधी नुसतं बघून येऊ." मी त्यांचे ऐकले नाही. धुळ्याला उपअधीक्षक साहेबांना निरोप पाठवला, 'सहा अवैध शस्त्रांचा सुगावा लागला आहे,' आणि मगच दोन पंच घेऊन निघालो.

नानांचे दुकान म्हणजे एक ओटा, वर पत्रा. साठीचा बारीक माणूस, मांडीखाली लाकडी ठोकळा, हाताशी कातडे कापायची रापी, भोके पाडायच्या आऱ्या आणि पितळी ठशांचा एक डबा. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास सगळीकडे. सहाही पट्टे भिंतीला टांगलेले होते. प्रत्येकावर वेलबुट्टी कोरलेली, ठशांनी पानापानाच्या कडा दाबून उठवलेल्या, आणि उजव्या अंगाला पिस्तुलाचे म्यान. म्याने अजून चपटी होती, आकार दिलेला नव्हता. झडती घेतली. पिस्तूल तर नाहीच, साधे काडतूसही मिळाले नाही. मी पट्टे जप्त केले, लाखेचे सील मारले आणि नानांना चौकशीसाठी ठाण्यात आणले.

"नाना, ही म्यानं कोणासाठी?"

"नवरदेवसाठी."

"नवरदेवाला पिस्तूल कशाला?"

"पहिले नवरदेवना हातमा कट्यार ऱ्हाये. आते पोरेसले शिनेमामधला पट्टा पाहिजे. पिस्तूल कोठून आनतीन? मंग म्यानच लेतस."

"आणि म्यानात काय ठेवतात?"

"लिंबू."

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता वर पाहिले. मी म्हणालो, "लिहा. लिंबू."

नाना शांतपणे म्हणाले, "कट्यारना टोकले लिंबू लावतस ना साहेब, नजर लागाले नको म्हनीसन? कट्यार गई, पन म्हाताऱ्या बाया लिंबू सोडतीस का? खोटं वाटस ते आज दुपारले शेजारना गावले वरात शे. पहिलं म्यान त्याच नवरदेवनं. जाई देखा."

गेलो. आज सांगायला संकोच वाटतो, पण मी आणि चार शिपायांनी वाजतगाजत चाललेली वरात वेशीपाशी थांबवली. बँड बंद पडला. नवरदेव घोड्यावर, डोक्याला बाशिंग, कमरेला नानांचा पट्टा आणि फुगीर म्यान. मी हात वर करायला सांगितले, त्याने केले. लगाम सुटला तसा घोडा गोल फिरू लागला आणि हात वर केलेला नवरदेव सगळ्या गावाला चहूबाजूंनी दिसला.

त्याचे काका पुढे आले. "साहेब, नवरदेव शे तो, डाकू नही. बठ्ठा गाव देखी ऱ्हायना. हात खाले करू द्या त्याले."

मी पंचांसमोर म्यानाचे बटण काढले. आत लिंबू होते. पंचनाम्यात मी लिहिले: 'एक लिंबू, पिवळे, मध्यम आकाराचे.' एक पंच म्हणाला, "रसरशीत बी लिखा साहेब." घोड्यावरून नवरदेवाने विचारले, "लिंबू परत भेटी का? माय चिडी." लिंबू परत दिले. पट्टा दोन दिवसांसाठी मागून घेतला. काकांनी तो दिला, पण माझ्याकडे न पाहता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तो पट्टा हातात घेऊन बसलो होतो. सहा पट्ट्यांवरची म्याने चपटी होती, हे मात्र पूर्ण आकारलेले. नळीची रेघ, चक्राचा फुगवटा, पुढची नेम धरायची माशी, सगळे बाहेरून दिसत होते. लिंबासाठी चक्राचा फुगवटा कशाला? ठाण्यात आल्यावर मी ते नानांपुढे ठेवले.

"हे कशावर बसवलं, नाना?"

नानांनी ते उलटेसुलटे केले आणि परत टेबलावर ठेवले.

हवालदार घाईने म्हणाले, "साहेब, लिंबू निघालं ना. आता सोडून द्या बिचाऱ्याला. मी चहा सांगतो."

"लाकडाच्या पिस्तुलावर बसवलं का?" मी विचारले.

नानांना हे लागले. "सुतारकडथून एक करी आनेल व्हतं. त्यावर बसाडं ते वांगं ठेवानी पिशवी दिखे. वस्तू समोर नही, ते म्यान कसं करू?"

"म्हणजे खरं रिव्हॉल्व्हर समोर होतं. कोणाचं?"

"ते इचारू नका साहेब. ज्यानी दिधं, त्यानी इस्वासवर दिधं."

दोन तास विचारले. दरडावले, समजावले, चहाही पाजला. नाना फक्त मान हलवत. उपअधीक्षक साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, सहा पिस्तुले पाहायला. माझ्याकडे एका नवरदेवाचा पट्टा आणि परत केलेल्या लिंबाची नोंद होती. शेवटी मी ठरवले की माणूस सांगत नसेल तर काम करून दाखवायला लावावे. माझ्या कमरेचे सरकारी रिव्हॉल्व्हर काढले, गोळ्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या आणि म्हणालो, "याच्यावर एक तुकडा बसवून दाखवा. कसं करता ते मला पाहायचंय."

नानांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदार खिडकीबाहेर पाहत होते.

शिपायाने ओट्यावरून त्यांचे सामान आणले. नानांनी एक रद्दी तुकडा पाण्यात बुडवला, काढला आणि नुसते धरून बसले. मी म्हणालो, "करा ना." ते म्हणाले, "आते वल्लं शे. वल्लावर ठसा टिकत नही, सुकावर उठत नही." थोड्या वेळाने त्यांनी तुकडा स्वतःच्या गालाला लावला, मग माझ्यापुढे धरला. "गालले लावा साहेब. वल्लं लागाले नको, गार लागनं पाहिजे." सगळ्या ठाण्यासमोर मी ते कातडे गालाला लावले. ते गार होते.

मग त्यांनी तुकडा रिव्हॉल्व्हरवर पसरला आणि अंगठ्यांनी आणि हाडाच्या एका गुळगुळीत पट्टीने दाबत गेले. घाई नाही, जोर नाही. बघता बघता कातड्यातून नळी वर आली, चक्र आले, माशी आली. तासाभराने त्यांनी तो अलगद उचलला आणि आतली बाजू माझ्याकडे केली. "बोट फिरावा."

नळीच्या जागी एक ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर तिथेच एक टवका होता. आधीच्या फौजदाराच्या हातून ते दगडी पायरीवर पडले होते. मग मी नवरदेवाच्या म्यानात बोट घातले. त्याच जागी, तोच दाणा.

मी पुन्हा बोट घातले. दाणा तिथेच होता. सकाळपासून ज्या हत्याराच्या शोधात मी तालुका पालथा घालत होतो, ते तेव्हापासून माझ्याच कमरेला होते.

"हवालदार," मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही गेल्या महिन्यात जळगावला सेशन कोर्टात साक्षीला गेला होतात. तुमच्या होल्स्टरची शिवण उसवली होती. म्हटलं, साहेब येईपर्यंत शिवून ठेवू."

"आणि रिव्हॉल्व्हर?"

"बसतं की नाही बघायला बरोबर नेलं. गोळ्या काढूनच. मी समोरच बसलो होतो."

"पूर्ण वेळ?"

"एक चहा घेतला."

"एक?"

"दोन घेतले साहेब. आणि भजी."

मी त्यांच्यावर ओरडणार होतो, तेवढ्यात माझीच चूक आठवली. जळगावला जाताना रिव्हॉल्व्हर जमा केल्याची नोंद डायरीत मी करायला हवी होती. बस चुकेल म्हणून मी ते हवालदारांच्या हातात देऊन नुसते "ठेवा" म्हणालो होतो. पाहिले ते सगळे लिहिणाऱ्याने नेमके तेच लिहिले नव्हते.

सकाळी उपअधीक्षक साहेब आले. टेबलावर टोपी ठेवून म्हणाले, "कुठे आहेत सहा शस्त्रं?"

"सर, एकच आहे."

"कुठे?"

"माझ्या कमरेला."

मी अहवाल पुढे केला. त्यात डायरीची चूक पहिल्या परिच्छेदात होती आणि लिंबू तिसऱ्या. साहेबांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्या परिच्छेदापाशी त्यांनी रुमाल काढून तोंड पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग कठोर आवाजात म्हणाले, "दोघांना लेखी ताकीद. मुद्देमाल मालकाला जसाच्या तसा परत करा आणि त्याची सही घेऊन पावती पाठवा. पावती आली की तुम्हाला कायम करण्याचा कागद पुढे जाईल. तोपर्यंत तो माझ्या टेबलावर."

मला वाटले, सुटलो. पट्टे घेऊन मी स्वतः ओट्यावर गेलो आणि पावती पुढे केली. नाना शाळेत चौथीपर्यंत गेलेले होते. त्यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, मग एकेक पट्टा उजेडात धरला. मुद्देमालाची चिठ्ठी बांधायला आम्ही दाभणाने भोक पाडतो. गोणीला पाडतो, कपड्याला पाडतो, तसे ते इथेही पाडले होते. सहाही पट्ट्यांवर, नेमके कोरलेल्या फुलाच्या मध्ये. शिवाय लाखेचे डाग.

"मी सही कसी करू? पावतीमा लिखेल शे, 'वस्तू जशाच्या तशा'. ह्या जशाच्या तशा शेतस का?"

"नाना, माझी नोकरी अडकली आहे हो."

"मना सहा नवरदेव अडकेल शेतस. तुम्ही दिनभर माले इचारत व्हतात, मी खोटं सांगं का? आते कागदवर खोटं कसं लिखू?"

मी टोपी काढली आणि विचारले, "मग काय करायचं?"

"बसा," नाना म्हणाले.

चार दिवस रोज दुपारी हवालदार आणि मी साध्या कपड्यात त्या ओट्यावर बसलो. हवालदार लाख खरवडत. भोकाभोवतीचे कातडे गार करून त्यावर एक मोठे फूल दाबायचे आणि मधोमध पितळी टिकली ठोकायची, हे माझे काम. पहिला फटका जोरात बसला की कातडे फाटते, हळू बसला की पाकळी उठत नाही. समोरचे शेठजी दुकानाच्या पायरीवर येऊन पाहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी न राहवून विचारले, "साहेब, हा गुप्त तपास आहे का?" नाना म्हणाले, "शिक्षा शे." शेठजींनी आदराने मान हलवली आणि आम्हा तिघांना सरबत पाठवले.

चौथ्या दिवशी नानांनी पट्टे तपासले. पाच बाजूला ठेवले. सहाव्यावरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि तो वेगळा ठेवला. मग पावती मागितली, 'जशाच्या तशा' हे शब्द खोडले आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले: 'सहा मिळाले. पाच चांगले. एक बिघडला.' आणि सही केली.

पुढे एकतीस वर्षे नोकरी केली. कोणतीही वस्तू जप्त झाली की ती कोणाची हे विचारण्याआधी ती कशी बनते हे मी विचारू लागलो. विहिरीच्या दोरावरून, मातीच्या मडक्यावरून, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यावरून मला गुन्हेगार सापडले, कारण ते बनवणाऱ्यांपाशी मी आधी जाऊन बसलो. कारागीर माणूस साहेबापुढे भीतीने गप्प बसेल, पण कामाबद्दल विचारले की तो चुकीचे सांगत नाही. आणि कोणाकडे शंकेने पाहण्यापूर्वी स्वतःची डायरी उघडून पाहण्याची सवय लागली, ती आजतागायत आहे.

ती पावती मी होती तशी धुळ्याला पाठवली. दहा दिवसांनी कार्यालयाचे पत्र आले: 'पावती मिळाली. एक पट्टा कोणाकडून बिघडला, याचा खुलासा करावा. खुलासा आल्यावर कायम करण्याबाबत पुढील कार्यवाही होईल.'

मी एका ओळीचा खुलासा लिहिला: 'माझ्याकडून, पहिला फटका जोरात बसला.' पुढच्या आठवड्यात हुकूम आला.