विनातिकीट नासपती

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर होती. "कंडक्टर माझी बहीण आहे," असं सांगत बिनतिकीट बसलेल्या सख्ख्या बहिणीला तिने भर उन्हात खाली उतरवलं होतं. बहिणीला आठवा महिना होता, आणि पोटात मी होते. तेव्हा आमची ओळख तशी जुनीच.

निवृत्त झाल्यावर बाईने गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेतला, सफरचंद-नासपतीची चाळीस झाडं लावली आणि मधल्या जागेत रानफुलं पेरली. शेजारी म्हणाले, "तण माजलंय." मावशी म्हणाली, "तण तुमच्या डोक्यात." तिला सेंद्रिय बागेचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यासाठी तीन वर्षं रासायनिक खताचा किंवा फवारणीचा कणही चालत नाही. तीन वर्षं ती हाताने किडे वेचत होती. आम्ही भेटायला गेलो की आम्हालाही वेचायला बसवायची. चहा नंतर.

काका गरीब स्वभावाचे, त्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी लावलेली कोपऱ्यातली नासपती मरतुकडीच राहिली. "तपासणी झाली की उपटते ती," मावशीने जाहीर केलं, तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर ती त्या कोपऱ्याकडे फिरकलीच नाही.

तपासनीस आला, सगळीकडे फिरला, खूश झाला. सही करायला त्याने पेन काढलं आणि मावशी कोपऱ्यात थबकली. नासपती चक्क टवटवीत! बुंध्याभोवती गुडघाभर गवत, फूल मात्र एकही नाही. रानफुलांना उपाशी माती लागते, खत पडलं की गवत माजून फुलं दडपतं, हे तिने मला शंभरदा ऐकवलेलं.

"अहो, काय घातलंत हिला?"

"युरिया," काका पुटपुटले. "एकच मूठ. फार केविलवाणी दिसत होती गं."

तपासनीस भला माणूस. तो म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही." मी म्हटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय!

"मला आलं ना," मावशी म्हणाली. "लिहा. आजपासून पहिलं वर्ष."

काकांना रडू फुटलं. "परत तीन वर्षं! तोवर मी असेन की नसेन..."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. प्रमाणपत्र गेलं तेव्हासुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.

"नसेन म्हणजे काय?" ती ओरडली. "नाही उपटत तुमची नासपती. पण तिचं फळ खाल्ल्याशिवाय कुठे जायचं नाही, सांगून ठेवते. मधे स्टॉप नाहीये!"