दुपट्ट्याखालची मोटार

आमची पहिली मोटार घेताना तिचा भाव वाढवून सांगा म्हणून मी स्वतः विक्रेत्याला गळ घातली होती. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसणार. पण मोटार काय, आज ना उद्या येणारच होती. सासरे मात्र घर सोडून चालले होते, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं.

भिलाईचा कारखाना तेव्हा निम्मा पेटलेला आणि निम्मा बांधायचा होता. सेक्टर दोनमधलं आमचं क्वार्टर इतकं नवं, की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. हे रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर. त्यांच्या शिफ्टा अशा की घरात असले तर झोपलेले. मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरांत, माणसांच्या गलबल्यात वाढलेली. त्या सुन्या दुपारी मला खायला उठत. मग सासूबाई गेल्या, मोठ्या दिरांच्या हाती शेती सोपवून मामाजी भंडाऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले, आणि मला बोलायला माणूस मिळालं. मामाजी म्हणजे माझे सासरे.

शेती काय, गावात सगळेच करत. मामाजींचं नाव होतं ते बैलबाजारात. आसपासच्या गावांत कोणाला जोडी घ्यायची असली की आधी मामाजींना निरोप जायचा. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवती जमलेल्या रिकामटेकड्यांना काही कळत नाही. मी मटार सोलत बसले की मामाजी मला ती विद्या शिकवायचे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा दोनदा दाबला की दहा. शेकड्यात बोलायचं की हजारात, तेवढं आधी तोंडानं ठरवायचं. हे सगळं ते स्वतःच्याच डाव्या हातावर दाखवायचे. आमच्याकडे सासऱ्याच्या हाताला सुनेचा हात लागत नसे. चहाचा कपसुद्धा मी खाली ठेवायची आणि ते उचलायचे.

"अन् हे पाह्य," एकदा ते म्हणाले. "करंगळीच्या बुडाशी आंगठा टेकवला का समजाचं, भाव पटला नाही, पन उठू नको. बसून राह्य. हे निशानी आमी दोघा भावांनी काढली होती. भाऊ गेला. आता माह्याशिवाय कोनाले ठावं नाही."

मला ती फार आवडली. मी लगेच स्वतःच्या करंगळीवर करून पाहिली.

पण भिलाईत या विद्येचा उपयोग काय? घराचं भाडं ठरलेलं, रेशन ठरलेलं, दुकानात तेलाच्या डब्यापासून वहीपर्यंत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली. रविवारी बाजार भरायचा, तिथे मामाजी मोठ्या उमेदीनं गेले, तर भाजीवाली म्हणाली, "ले जा ना बबा, जतका देबे ततका दे दे." म्हणजे द्याल ते द्या. मामाजी रिकामी पिशवी घेऊन घुश्शात परत आले. शिवाय त्याच बाजारात कारखाना उभारायला आलेले रशियन साहेब सांगतील तो भाव मुकाट्यानं मोजायचे. त्यांनी सगळा बाजार नासवला, असं मामाजींचं ठाम मत होतं.

हळूहळू ते गप्प झाले. एके दिवशी पाहते तो खाटेखालची ट्रंक बाहेर ओढलेली, आणि मामाजी धोतरं घडी करून आत ठेवताहेत.

"दिवाळी झाली का मी गावाले जातो," ते म्हणाले.

"कावून जी? काय कमी पडलं तुमाले?"

"कमी काही नाही, सूनबाई. पन इथं मी करून काय राहिलो? सारं छापील हाये. मानसाले इचारतेच कोन?"

मी ट्रंक परत आत ढकलली. त्यांनी पुन्हा बाहेर ओढली. दोन्ही माणसं हट्टी असली की ट्रंकेचे हाल होतात.

त्याच सुमाराला रायपूरहून कळलं, की मोटारीसाठी लावलेला आमचा नंबर आला. नाव नोंदवून हे जवळजवळ विसरूनच गेले होते. रात्री जेवताना ह्यांनी खुशीत सांगितलं, की काही भानगड नाही, छापील भाव आहे, पैसे भरायचे आणि मोटार आणायची.

"मोटारीचाई भाव छापीलच?" मामाजींनी विचारलं, आणि उरलेला भात न जेवता उठले.

मला ह्यांचा असा राग आला म्हणता! पण त्या रागातच कल्पना सुचली. कागदांवर सह्या करायला हे रायपूरला निघाले, तेव्हा मीही बरोबर गेले.

विक्रेता पान खाणारा, ढेरपोट्या, बोलायला गोड होता. मी त्याला म्हटलं, आमचे सासरे येतील, त्यांना भाव चढवून सांगा आणि मग हळूहळू उतरा. तो पान चघळायचा थांबला. "बहनजी, दाम तो फिक्स है. लोग कम कराने आते हैं, आप बढ़ाने आई हैं?" मी त्याला सगळं समजावलं. माणूस बरा होता, त्याला गंमत वाटली. गाड्यांची चणचण आहे, छापील भावावर वरचे हजार द्यावे लागतील, असं सांगून सुरुवात करायची आणि शेवटी छापील भावावर यायचं, असं ठरलं.

आता त्याला बोटं शिकवायची. परक्या पुरुषाचा हात मी कशी धरणार? म्हणून ह्यांना पुढे केलं. रोलिंग मिलचे इंजिनिअर भर दुकानात एका पान चघळणाऱ्या माणसाचा हात हातरुमालाखाली धरून बसले, आणि मी समोरून सांगत राहिले, "पंजा! आता तीन बोटं! अहो, नीट दाबा की!" येणारेजाणारे थबकून बघत होते. ह्यांचे कान लालबुंद झाले होते. मी मात्र रंगात आले होते. मामाजींनी शिकवलं होतं ते सगळं मी त्याला शिकवलं, काही म्हणता काही राखून ठेवलं नाही.

मोटार आणायच्या दिवशी मामाजींना मी सांगितलं, "तिथला मानूस वरचे पैसे मांगून राहिला. ह्यायले तर काही बोलता येत नाही. तुमीच चाला." मामाजींनी पेटीतलं नवं धोतर काढलं, खांद्यावर परीटघडीचा दुपट्टा टाकला आणि आमच्याआधी दारात जाऊन उभे राहिले.

दुकानात त्यांनी आधी मोटारीकडे पाहिलंच नाही. इकडेतिकडे केलं, पाणी मागून प्यायले. मग सहज गेल्यासारखे तिच्याभोवती फिरले, चाकं दाबली, दारं उघडून लावून पाहिली, पाठीवरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. विक्रेत्यानं ठरल्याप्रमाणे वरच्या पैशांचं रडगाणं सुरू केलं.

"शेकड्यात बोल," मामाजी म्हणाले, आणि दुपट्टा पसरला.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. दुपट्टा हलत होता आणि मामाजींच्या चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. मधेच एकदा त्यांनी भुवई उचलून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, डाव जिंकत आणल्याचं सांगताहेत. मी मान डोलावली. ते पुन्हा कामाला लागले. मधूनमधून तोंडानं "राहू दे, तुही गाडी तुलेच लखलाभ" म्हणत उठायचे, विक्रेता त्यांना हात धरून बसवायचा. होता होता वरचे सगळे शेकडे उतरले आणि गाडी छापील भावावर आली. नाटक इथं संपायचं होतं.

मामाजींनी हात सोडलाच नाही. विक्रेत्याच्या कपाळावर आता खराखुरा घाम दिसायला लागला. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे पाहायला लागले. शेवटी सीट कव्हरं आणि पायाखालच्या चटया फुकटात कबूल झाल्या, तेव्हा कुठे दुपट्टा निघाला.

विक्रेत्यानं ह्यांना बाजूला घेतलं. "साहब, सीट कव्हर की तो बात नहीं हुई थी!" ह्यांचा हात खिशाकडे जातोय तोच पुढच्या सीटवर जाऊन बसलेले मामाजी गरजले, "त्याले काही देऊ नको! चाल!"

ह्यांनी मोटार चालवायला शिकून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे आम्ही बैलगाड्यांच्या मागून मागूनच आलो. वाटेत कुम्हारीला चहासाठी थांबलो. हे टपरीवर चहा सांगायला गेले आणि मामाजी मोटारीला टेकून उभे राहिले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"त्या मानसाले बोटं तू शिकवली," मामाजी म्हणाले.

"मी? मी कावून शिकवू?"

"त्यानं करंगळीच्या बुडाशी आंगठा टेकवला."

इतका खटाटोप केला आणि तेवढी एक खूण गाळायचं सुचू नये! वाटलं, आता हे रागावणार आणि दिवाळीचीही वाट न पाहता इथूनच गावाच्या गाडीला बसणार. मला रडूच कोसळलं.

"रडून कावून राहिली? मी तेव्हाच समजलो. म्हटलं, चालू दे. बाजारात इतकी वर्सं बसलो, पन माह्यासाठी कोनी असा बाजार मांडला नव्हता." ते मोटारीच्या आत डोकावले. "पन हे कव्हरं खरे हायेत बरं का. हे म्या कमावले. नाही तं मांगाहून जाऊन त्याचे पैसे देसान!"

मी हसले, डोळे पुसले, आणि एकदाचं विचारून टाकलं, "मंग दिवाळी झाल्यावर?"

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला.

मला क्षणभर कळेना. मग मी हळूच दुपट्ट्याखाली हात घातला. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हात मला पहिल्यांदाच लागला. खरबरीत होता आणि गरम होता.

"महिन्यात बोल," ते म्हणाले, आणि माझी दोन बोटं धरली.

दोन महिने! मी चांगली भडकले. पंजा धरावा, दोनदा दाबावा, असं मनात आलं. पण त्यांच्याशी आकड्यात मी कुठे पुरी पडणार? मी त्यांची करंगळी शोधली आणि तिच्या बुडाशी अंगठा टेकवला.

मामाजी रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी हात काढून घेतला नाही. तेवढ्यात हे चहाचे ग्लास घेऊन आले आणि आम्हाला तसं पाहून चक्रावले.

"हे काय चाललंय?"

"सौदा," मामाजी म्हणाले.

तो आकडा आमचा शेवटपर्यंत ठरला नाही. दर दिवाळीला मामाजी ट्रंक ओढायचे, दुपट्टा पसरायचे, आणि मी अंगठा टेकवायची. मोटार जुनी होऊन विकली गेली, सीट कव्हरं तेवढी त्यांनी काढून ठेवायला लावली. पण मामाजी उठले नाहीत.