फीत आलीच नाही

परवा बीडला एका हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा बघायला गेलो आणि डोक्यात तिडीक घेऊन घरी आलो. पोरं स्टेजवर आली ती गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या चड्ड्या घालून. म्हटलं, यांना कपडे उतरवायला वेळ मिळाला नाही का काय! शेजारी बसलेल्यानं समजावलं, "काका, हा वेगळा गट असतो. यात मांड्या बघतच नाहीत." कंबर बारीक, खांदे रुंद, केस नीट, चेहऱ्यावर हसू, झालं! अहो, मांड्या बघत नाहीत? बैठका मारून मारून आम्हाला सकाळी उकिडवं बसता यायचं नाही, ते काय हौस म्हणून?

पण खरं सांगतो, त्या पोरांवर माझा राग नाही. पंचांनी काय बघायचं ते काळाप्रमाणं बदलतं, बदलू दे. माझ्या उमेदीत ते एकदा बदललं आणि मी त्यात सापडलो. नुसत्या बदलामुळं हरलो असतो तर एव्हाना विसरूनही गेलो असतो. पण बदल झालाय हे ज्याला ठाऊक होतं, तो रोज माझ्या समोर होता आणि त्यानं मला सांगितलं नाही. ते काही केल्या विसरता येत नाही.

आमचं गाव पाटोद्याच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला. थोडी कोरडवाहू जमीन, चार शेळ्या, एक म्हैस. दिवाळी झाली की आई-वडील लांबच्या बागायती मुलखात ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यापर्यंत. आईच्या हातांना कोयत्यानं पडलेले घट्टे पावसाळ्यातही जात नसत. मी तेवढा जवळच्या सहकारी साखर कारखान्यावर होतो, पण हंगामी. हंगामी म्हणजे गाळप चालू असेल तोवर काम, बॉयलर विझला की घरचा रस्ता. कायम असलेल्यांची गोष्टच निराळी. बारा महिने पगार, कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या आणि नळाला पाणी.

त्या कारखान्यावर दरसाल शरीरसौष्ठवाची स्पर्धा व्हायची आणि चेअरमननी तिथं एक रीत पाडली होती. पहिला येणारा गडी हंगामी असेल, तर त्याला त्याच महिन्यात कायम करून सुरक्षा विभागात घ्यायचं. दारावर दांडगा माणूस शोभतो, असं त्यांचं म्हणणं. असे दोघंजण खाकी कपड्यात फाटकावर उभे असायचे, आणि आई कधी कारखान्यावर आली की त्यांच्याकडं टक लावून बघायची. एकदा म्हणाली, "तू तिथं हुबा राह्यलास की मी कोयता ठिवला बग खाली."

मला एवढंच करायचं होतं. आईचा कोयता सोडवायचा होता.

त्यासाठी मी उस्तादांच्या हाताखाली होतो. उस्ताद कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम चालवायचे. लाल माती, दोन मुद्गल, चार जोड डंबेल्स आणि एक तडा गेलेला आरसा. आठ वर्षं मी तिथं घाम गाळला. तालमीची माती चाळली, उस्तादांच्या पाठीला तेल लावलं, त्यांचे पाय रगडले. त्यांना मुलगा नव्हता. चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ह्यो माझा हाय." मला बापापेक्षा त्यांचा शब्द मोठा होता, ही लपवायची गोष्ट नाही.

त्या काळी आमच्याकडची पंचगिरी साधी होती. गडी कसा दिसतो? भरलेला दिसला पाहिजे. मान रेड्यासारखी, मांडी मांडीला घासणारी, अंगावर तुकतुकी. पोट थोडं पुढं असलं तरी कुणी नाक मुरडत नसे. खात्यापित्या घरचा आहे म्हणायचे. आणि शेवटी फीत यायची. शिंप्याची असते तीच. पंच स्टेजवर येऊन प्रत्येकाच्या छातीला ती लावायचे, आधी साधी, मग श्वास भरून. किती इंच फुगली ते माईकवर सांगितलं की लोक शिट्ट्या मारायचे. निम्मी स्पर्धा तिथंच ठरायची. आम्ही सगळे त्या फितीसाठीच मरायचो. श्वास कोंडून उभं राहायचा मी रोज सराव करायचो, डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत.

मग तो दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले. उभा ऊस चाऱ्याला तोडून जनावरांच्या छावण्यांत गेला, आणि यंदा बॉयलर पेटणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. हंगामी होते ते सगळे घरी. स्पर्धा मात्र होणार होती! लोकांची तोंडं कुठंतरी वळवायची असतात ना. मला तर बरंच वाटलं. काम नाही म्हणजे दिवसभर तालीम.

खुराकाचं अवघड होतं. आई म्हशीला घेऊन छावणीत राहायला गेली होती. तिथं बसून तिनं काय करावं, तर दूधसंघाला दूध घालायचं बंद केलं. सकाळ-संध्याकाळची धार चरवीत घालून माझ्याकडं धाडायची. वडील कुरकुरले, तर म्हणाली, "चार म्हैनं कळ काडा. पोरगं कायम हुतंय." छावणीतल्या बायांनाही तिनं सांगून टाकलं, औंदा मी तोडीला न्हाई. इतकंच नाही, टोळीच्या मुकादमाला निरोपही दिला. मी ते दूध पीत होतो आणि अंगानं भरत होतो.

स्पर्धेच्या तीन महिने आधी उस्ताद चार दिवस औरंगाबादला गेले होते. पंचांचं शिबिर होतं आणि कारखान्यानं त्यांना धाडलं होतं. छातीला पंचाचा बिल्ला लावून परत आले. मी विचारलं, "काय शिकविलं उस्ताद?" म्हणाले, "काय न्हाई बे, त्येच त्ये. तू अंगात भर. फीत बगून पंच गार झाले पायजेत." मी आणखी शंभर बैठका वाढवल्या.

तेव्हापासून ते संध्याकाळी तालमीत थांबेनासे झाले. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर चेअरमनसाहेबांचं काम असतं, म्हणायचे. मी का म्हणून विचारलं नाही. उस्तादांना कोण विचारणार?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं मला तेल चोळलं. नंतर तांब्या पुढं केला. "पानी पी पोटभर. स्टेजवर चक्कर यायला नको." गावात टँकरच्या पाण्यासाठी भांडणं चालू होती आणि मी तीन तांबे पाणी प्यालो. कृतज्ञतेनं प्यालो, हे सांगताना आजही अंगाची लाही होते. पाया पडलो, त्यांनी पाठीवर थाप मारली आणि ते पंचांच्या टेबलाकडं गेले.

आम्ही स्टेजच्या मागं सात-आठजण होतो. त्यात एक चेअरमनचा पुतण्या. शहरात शिकलेला, शेलाटा. मला वाटलं होतं, हा हार-तुऱ्याच्या कामाला आला असेल. त्यानं शर्ट काढला आणि मी बघतच राहिलो. अंगाला तपकिरी रंग फासलेला, पोटावर चौकटी, दंडावर दोऱ्यांसारख्या शिरा, गाल बसलेले. एकजण माझ्या कानात म्हणाला, "आयला, ह्याला कावीळ झाली का काय?" मी फसकन हसलो. मला त्याची कीव आली, अक्षरशः कीव!

स्टेजवर गेलो. बाहेरगावचे मुख्य पंच माईकवर काहीतरी सांगत होते, दंड दाखवा, पाठ दाखवा, पोट आवळा. पुतण्या प्रत्येक हुकुमाला सटासट उभा राहत होता, जणू पाठ करून आला होता. मी जमेल तसं केलं. माझं सगळं लक्ष शेवटावर. शेवटी फीत येणार, आणि मग बघा म्हणावं! एकदाचं ते "रिलॅक्स" म्हणाले. मी मात्र पाय रोवले, हात थोडे बाजूला घेतले, छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून उभा राहिलो.

फीत येईना. बाकीचे ओळीनं उतरायला लागले आणि मी तसाच उभा. पुढच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. मुख्य पंच म्हणाले, "काय झालं? या खाली." मी श्वास सोडून विचारलं, "साहेब, फीत?" सगळा मंडप हसला. त्यात माझ्या गावचे लोकही होते. पंच बिचारे भले माणूस, त्यांनी माईकवर समजावलं. म्हणाले, आता मापं घेत नाहीत, आता स्नायू कोरलेला दिसावा लागतो. "तुमच्याकडं माल सगळ्यांत जास्त आहे, पण चरबीखाली झाकलाय आणि अंगानं पाणी धरलंय."

मी उस्तादांकडं बघितलं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर केलीच नाही.

पुतण्या पहिला आला, मी शेवटून दुसरा. पुतण्या हंगामी नव्हता, त्याला नोकरीची गरजच नव्हती, त्यामुळं त्या वर्षी कुणालाच कायम केलं नाही. दुष्काळात एक कायमचा पगार वाचला, चेअरमनचंही काम झालं. मी मागं कपडे घालत होतो, तर तो टँकरच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होता. ओठ फुटलेले होते. मला बघून सरळ मनानं म्हणाला, "तुझी बॉडी लई भारी हाय यार. फक्त शेवटचे दोन म्हैने तूप-दूध बंद करायचं हुतं. आन तीन दिवस पानी तोडायचं. तुला न्हाई सांगितलं उस्तादनी? मला तर रोज गेस्ट हाऊसवर येऊन सांगायचे."

मी तिथंच खाली बसलो. पुतण्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं मलाच पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो. उस्ताद एकटेच होते, एका पंपाचा नट ढिला करत होते. वाटेत मी ठरवलं होतं, शिव्या द्यायच्या, पान्हा हिसकून फेकून द्यायचा. त्यांना बघितल्यावर ते राहूनच गेलं. म्हणालो, "उस्ताद, आठ वर्सं तुमची सेवा केली. एक शब्द सांगायचा व्हता. पानी तोड, एवडंच."

त्यांनी पान्हा खाली ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, विसरलो, माहीत नव्हतं, तुझं अंग त्यातलं नाही. काहीही खोटं सांगितलं असतं तरी मी घेतलं असतं. देवाशप्पथ, मी त्या खोट्याची वाट बघत होतो.

ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तूच जिंकला असतास, बे."

"मग?"

"मग तालीम ऱ्हायली नसती. शेड पाडायला काडली व्हती चेअरमननी. आता पक्की बांधून देत्यात, मशिनी देत्यात." आणि पुन्हा पान्हा उचलला.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिला एवढंच कळलं की पोरगं हरलं. छावणीतून येऊन स्वतःच मुकादमाच्या दारात गेली आणि आम्ही येतो म्हणून सांगून आली. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "गडी जोरदार हाय. पन एकटाच ना? अर्धा कोयता." त्या वर्षी आमच्या घरातून दीड कोयता गेला.

ट्रक निघायच्या दिवशी उस्ताद वेशीत आले. हातात खारकांची पुडी होती. मी तोंड फिरवून ट्रकच्या फाळक्याला धरून उभा राहिलो. आईनं पुडी घेतली, कपाळाला लावली, तिचे डोळे भरून आले. मला दंडाला धरून पुढं ढकलत म्हणाली, "आरं, बगतोस काय? आठ वर्सं लेकरावानी संबाळलं तुला. पाया पड त्येंच्या."

आणि मी पडलो.