बांधावरून फिरवणारे काका

आमच्या गल्लीतले झेरॉक्सवाले काका मूळचे वणीकडचे, द्राक्षबागायतदार घरातले. परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला कुणी आलं, की ते आधी अर्ज उघडतच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "जमीन घेताना बांधावरून फिरून बघतो ना आपण? मग?"

माझी लेक सतरा वर्षांची. कुठं शिकायचंय विचारलं, की "तुम्ही म्हणाल तिथं." मी विद्यापीठ ठरवूनच तिला घेऊन गेलो होतो. काकांनी संगणकावर त्या गावातल्या रस्त्यांचे फोटो लावले आणि माऊस तिच्या हाती दिला.

"हे तुझं होस्टेल. चाल वर्गापर्यंत. लवकर अंधार पडतो तिथं, दिवे हायेत का बघ. किराण्याचं दुकान लय लांब नाय ना?"

ती फोटोंमधून चालत राहिली. मागं गिऱ्हाइकं ताटकळली, काका हलले नाहीत.

तासाभरानं ती म्हणाली, "काका, हे नको. दुसरं गाव दाखवा."

तिच्या तोंडून 'नको' मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काही बोलणार, तोच काकांनी माझ्याखालचं स्टूल हळूच मागितलं.

"तुम्ही बाहेर थांबा, साहेब. आता ती बघंल."