गाद्यांच्या दुकानातली आफ्रिका

डहाणू रोडला आमचं गाद्यांचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, तेव्हा कॉलेजातल्या एक बाई आणि एक सर तिथे बसून आफ्रिकेवर पॉडकास्ट करतात. कापूस बाहेरचा आवाज गिळतो म्हणे; मासेवालीची हाकसुद्धा आत येत नाही.

बाई तलासरीहून येतात. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या की आधी बांगड्या काढून माझ्याकडे देतात, खळखळ नको म्हणून. मग मांडी घालून गप्प बसतात, कारण सर सुरू झालेले असतात. निवडणुका, लष्कर, राष्ट्राध्यक्ष! बाईंचं बोट आपलं वर. रोजचं जगणं हा बाईंचा भाग. तो शेवटी येतो, आणि शेवटी सर म्हणतात, "मॅडम, थोडक्यात हं."

एका रविवारी सर बोलून दमले आणि जरा आडवे झाले. आमची गादी चांगलीच आहे. लगेच घोरायला लागले. मी उठवायला गेले, तर बाईंनी तेच बोट ओठांवर ठेवलं आणि त्या स्वतःच माइकवर बोलू लागल्या. सरकार पडलं त्या सकाळीही टोमॅटो मांडून बसलेल्या तिथल्या बायका. भाव एका भाषेत, भांडण दुसऱ्या भाषेत, अगदी आपल्यासारखं. बाई इतकं छान बोलतात हे मला तेव्हा कळलं.

बांगड्या परत देताना मी विचारलं, "ते घोरणं काढून टाकाल ना?"

"कशाला? राजकारण झोपलं तरी बाजार भरतो, हेच तर सांगत होते मी."

पुढच्या रविवारी सर घरून लाकडी खुर्ची घेऊन आले. मी तिच्यावर दुकानातली सगळ्यात मऊ गादी घातली.