सरांना न दिसलेल्या स्पर्शिका

बालाजीचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होतो. बालाजी माझा बी.एस्सी.चा सोबती, आता सिरसाळ्यात बियाण्याचं दुकान चालवतो. "अंगद, शिनगारे सर गेले बे. सकाळी चहा पिऊन बसलते, बसल्या जागी गेले," तो म्हणाला. मी कधी, कसं विचारलं, माती किती वाजता ते विचारलं. आणि हे विचारत असताना माझ्या आत जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, पण आज सांगायचंच म्हणून बसलोय. मला सुटल्यासारखं वाटलं... ज्या माणसानं हाताला धरून मला प्राणिशास्त्रात आणलं, तो गेल्याचं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की चला, आता ते आपल्याला पुन्हा विचारणार नाहीत. फोन ठेवल्यावर मी आणखी सहा-सात वह्या तपासल्या आणि मग सिरसाळ्याची गाडी पकडली. त्याला आता पाच आठवडे झाले.

शिनगारे सर आम्हाला अपृष्ठवंशीय प्राणी शिकवायचे, म्हणजे पाठीचा कणा नसलेले. त्यातले निम्मेअर्धे समुद्रातले, आणि आमच्या बीड जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडीत जातो. सरांचे आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ते कारखान्याच्या वाटेला लागायचे आणि सर शाळेसाठी आजीपाशी मागं राहायचे. कारखान्यांचे गाव त्यांना तोंडपाठ होते, समुद्र मात्र पन्नाशी आली तरी त्यांनी पाहिला नव्हता. पाहिल्या होत्या त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला कुठलाही प्राणी हळूहळू रंग सोडतो, मग तो तारामासा असो की समुद्रकाकडी, सगळे भिजवलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचे होतात. सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, आमच्याकडं सुपारीएवढा एक पांढुरका गोळा होता, स्पर्शिका, म्हणजे तोंडाभोवतीचे धाग्यांसारखे अवयव, आत ओढून मिटलेला. परीक्षेत नमुने ओळखायला ठेवले की आम्ही पोरं आत कुठं बघायचो, त्या बरणीच्या झाकणाला तडा होता, तो बघून नाव लिहायचो. आणि सर सांगायचे, आकृती पेन्सिलनंच काढा, रंग भरू नका. "जे दिसतं तेवढंच काढायचं, लबाडी न्हाई करायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन वर्षं प्राचार्यांच्या मागं लागून सरांनी आमच्या शेवटच्या वर्षाला कोकणची सहल काढली. कॉलेजची ती पहिलीच सहल. सकाळी ओहोटी लागल्यावर सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन खडकांवर उतरले आणि आम्ही वीसेक जण त्यांच्या मागं. मला कसला आलाय अभ्यास, मी पोरींना दिसेल असा पुढं पुढं करत लांबवर गेलतो. तिथं एक बाई खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, फोडत बसली होती. तिच्या पायाशी पाण्याची खोलगट डबकी होती आणि एका डबक्यात हिरवं-जांभळं काहीतरी फुललेलं होतं. मी म्हटलं, मावशी, हे शेवाळ कसलं? ती हसली. "शेवाळ कसलं, जनावर आहे ते. बारीक मासळी गिळतं. बोट लाव, मिटेल बघ." मी बोट लावलं, ते मिटलं, आणि समोर आमच्या बरणीतला गोळा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात नाव आलं. मी परत फिरलो.

परत येतो तर सर अशाच एका डबक्याशी उकिडवे बसलेले आणि पोरं भोवती गोळा झालेली. सर म्हणत होते, "हे बघा, हे शेवाळ. रंग बघा कसा हाय." मी मागून मोठ्यानं म्हणालो, "सर, ते सी ॲनिमोन आहे." एवढं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी वाकून बोट लावलं आणि सगळ्यांसमोर त्याचा गोळा करून दाखवला. पोरं हसली. बावीस वर्षं तो प्राणी शिकवणारा माणूस त्या गोळ्याकडं बघत राहिला... मग तेही हसले, सगळ्यांच्या नंतर. त्या बाईचं नाव मी काढलं नाही. सरांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुढं कैक वर्षं सांगत आलो. दुपारी जेवताना सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आजपर्यंत बरणी शिकवली. जिवंत प्राणी आज अंगदनं दाखवला." मी मान खाली घालून वरणभात जेवलो आणि लोकांना वाटलं, पोरगा किती विनयशील आहे.

एम.एस्सी.साठी सरांनी मला शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थी नुसत्या निरीक्षणाने सजीव ओळखतो. त्या पत्राच्या जोरावर मला सागरी प्राण्यांचा विषय मिळाला. दोन वर्षं मी चिखलात, खडकांत फिरलो, शंख-शिंपल्यांपासून समुद्री किड्यांपर्यंत शेकडो प्राणी हाताळले, आणि खरं सांगतो, पुढं मला ते ओळखताही यायला लागले. म्हणजे नंतर मी तसा झालो, पण झालो ते त्या खोट्यावर उभं राहून. आणि एवढं मिळाल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? मी तर तो किस्सा करून टाकला. होस्टेलवर, मुलाखतीनंतरच्या चहाला, चर्चासत्रांच्या जेवणावळीत... "आमचे सर ॲनिमोनला शेवाळ म्हणाले होते," असं म्हटलं की हमखास हशा यायचा. मी सरांच्याच कॉलेजात नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी पेढे वाटले, आणि मी त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये तो किस्सा सांगितला.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला बोलायला लावलं. मी काय बोललो असेन ते वाचणाऱ्यानं ओळखलंच असेल. सरांच्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता, सभागृह हसत होतं आणि सरही हसत होते. पुढच्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. खाली उतरल्यावर सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं बोललास." त्यात टोमणा नव्हता, त्यांना टोमणा मारता यायचाच नाही. टोमणा असता तर मला जरा हलकं तरी वाटलं असतं.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी दोन महिन्यांची. मी वडवणीहून येताना सहज सिरसाळ्यात उतरलो. सर ओसरीत खाटेवर बसले होते, वाळले होते, पण आवाज तोच. मुलांचं विचारलं, अभ्यासक्रम बदलला त्याचं विचारलं. मग म्हणाले, "अंगद, एक विचारू का रे? त्या दिवशी तू कसं ओळखलंस? पुस्तकात तर रंग नव्हता. बरणीत तर नव्हताच." इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. हसणारं कुणी नव्हतं, मला काही गमवायचंही नव्हतं. मी म्हणालो, "स्पर्शिका दिसल्या, सर. ओळीनं लागलेल्या होत्या." सर अंगणाकडं बघत म्हणाले, "मला कावून न्हाई दिसल्या... मी तर तुझ्याही आधी तिथं बसलतो." मी घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो.

तेरावा झाल्यावर मी काकूंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. कालवं फोडणारी बाई, शेवाळ आधी मीच म्हणालो होतो ते, सगळं. मनात कुठंतरी होतं, की बाई माणूस आहे, वयानं मोठी आहे, 'जाऊ दे बाबा' म्हणेल आणि मी मोकळा होईन. काकू तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आता मला कावून सांगायलास? ते इथं बसलते तवा तोंड शिवलं होतं का तुझं?" मग त्यांनीच सांगितलं. "त्या सहलीवरून आले तसे बीडला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणले, डोळे लई चांगले हायत. तवापासून म्हणायचे, मग खोट माझ्यातच हाय, मला बघताच येत न्हाई. शिकवताना पण म्हणायचे पोरांना, माझ्यासारखं बघू नका, अंगदसारखं बघा." त्यांनी चहा केला, मला दिला. स्वतः नाही घेतला. निघताना मी पाया पडलो तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला नाही, आणि मला तो मागायचा हक्कही नव्हता.

गेल्या आठवड्यात सरांच्याच जुन्या प्रयोगशाळेत प्रथम वर्षाचा तास घेत होतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई आमच्याच कॉलेजची, सरांची विद्यार्थिनी. "सर, आई म्हणती तुमी समुद्रावर नुसतं बघून ॲनिमोन ओळखलं होतं, मोठ्या सरांना पण आलं नव्हतं. खरं का?" चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. सर गेलेले, काकूंचं ऐकून आलेलो, आता तरी... मी म्हणालो, "हो." आणि फळ्याकडं वळून तारीख लिहिली.

म्हणून हा लेख लिहायला घेतला. शिनगारे सरांना बघता येत होतं. रंग असलेला तो प्राणी त्यांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बघितला, आणि मलाही तो शेवाळच वाटला होता, फक्त मला सांगणारं कुणीतरी भेटलं. पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती रविवारी निघते. सोमवारी साडेअकराला त्याच वर्गावर माझा तास आहे. त्या मुलीच्या घरी पेपर येतो की नाही, मला ठाऊक नाही. येत नसेल तर मला हे तोंडानं सांगावं लागेल, आणि चार लोकांसमोर ते मला अजून एकदाही जमलेलं नाही.