मऊ पाण्याचा रविवार

माणसावर येणारं प्रत्येक संकट, मग ते दहावीतले कमी मार्क असोत की मोडलेलं लग्न, शेवटी ओल्या केसांत कंगवा घातल्यामुळेच येतं, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि ती माझी अकडसासू आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्या नागपूरकडच्या लोकांत अकडसासू म्हणतात. या शब्दात सासू आहे आणि अकडही आहे. तो ज्याने घडवला त्याला आमच्या बाईंसारखं कोणीतरी नक्की भेटलं असणार. घरात सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्याबद्दल असं लिहिताना मला अपराधी वाटतंय, हे आधीच सांगून टाकतो. पण माझं काय, दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी मलाच ओशाळल्यासारखं होतं.

साठी उलटली तरी बाईंची वेणी कमरेच्या खाली पोचते, आणि ती तिथवर आपोआप गेलेली नाही. तिला रोज कामावर जावं तशा नेमाने वाढवलेलं आहे. सकाळी उठल्यावर बोटांनी गुंता सोडवायचा, कंगव्याला हात नंतर. कंगवा लाकडी आणि मोठ्या दातांचा. विंचरायचं ते टोकाकडून, हळूहळू वर सरकत. दुर्गला एका लग्नात पार्लरची मुलगी नवरीचे केस वरून खाली ओढत होती. बाई मुलाकडच्या पाहुण्या. त्यांचा त्या खोलीशी काही संबंध नव्हता. तरी त्या आत शिरल्या आणि कडाडल्या, "अवं, वरून कावून ओढून राहिली? झाड उपटून राहिली काय?" मुलगी हिंदी बोलणारी. तिला एवढंच कळलं की या नवऱ्याकडच्या कोणी मोठ्या आहेत. तिने भिऊन कंगवाच बाईंच्या हातात दिला. मुहूर्त टळता टळता राहिला. भटजी, बँडवाले आणि मी बाहेर घाम पुसत उभे होतो आणि आत बाई नवरीला समजावत होत्या की केस ओले असताना वेणी बांधायची नाही, घट्ट तर कधीच बांधायची नाही, आणि नवरा काहीही म्हणो, गरम पाणी डोक्यावर घ्यायचं नाही.

खाण्यापिण्यातही सुटका नाही. आमच्या मुलीच्या ताटाच्या कडेला कढीपत्त्याची पानं दिसली की बाई ती उचलून पुन्हा वरणात टाकतात. जवसाची चटणी, तीळ, मुनग्याची म्हणजे शेवग्याची भाजी, सगळं केसांच्या खात्यात जमा होतं. मुनग्याच्या शेंगा चघळताना मला कधी चव लागलीच, तर त्या डोक्याकडे पाहून म्हणतात, "जवाईबापू, आता खाऊन काय फायदा?" माझं टक्कल हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं अपयश आहे. मी स्टील प्लांटमधल्या मिलमध्ये हेल्मेट घालून नोकरी केली. हेल्मेटच्या खाली सुती फडकं बांधा असं त्यांनी मला लग्नानंतर लगेच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आजही चार लोकांत त्या माझी ओळख करून देतात ती अशी, "हे माह्या लहान बहिणीचे मालक. यायनं फडकं नाही बांधलं."

धुतलेले केस टॉवेलने पुसणं त्यांच्या लेखी गुन्हा आहे. टॉवेल खरबरीत, त्याने केस तुटतात; जुना सुती बनियन पाहिजे, आणि तो घासायचा नाही, नुसता दाबून पाणी टिपायचं. हे सगळं मला पटतं. पण तो बनियन नेहमी माझाच का असावा, हे मला कळत नाही. बनियन मऊ व्हायला वेळ लागतो. तो अंगाला ओळखू लागला की एका रविवारी दोरीवरून नाहीसा होतो आणि पुढे कधीतरी बाईंच्या डोक्याभोवती गुंडाळलेला दिसतो. उशीचं तेच. रेशमी अभ्र्यावर केस घासले जात नाहीत म्हणून त्यांनी एका जुन्या रेशमी साडीचे अभ्रे शिवलेत, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठीही. आमचे साडभाऊ बिचारे झोपले की त्यांचं डोकं अभ्र्यावरून घसरून गादीवर येतं. त्यांच्याही डोक्यावर माझ्याएवढेच केस आहेत.

हे साडभाऊ प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. ते निवृत्त होईपर्यंत दोघं सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये राहिले. तिथे बाई केस वाळवायला गच्चीवर जाण्याआधी चिमण्यांचा धूर कुठे झुकलाय ते बघायच्या. धूर घराकडे झुकलेला असेल तर केस आत आणि कपडेही आत. शेजारच्या बायका हवामानाच्या बातम्या न ऐकता बाईंच्या गच्चीकडे बघून पापड घालायच्या. एवढे केस एकटीने धुणं शक्य नाही. एकाने शिकेकाई चोळायची, दुसऱ्याने वरून धार धरायची. धार धरायचं काम साडभाऊंचं. क्रेनच्या कामात भार खाली घ्यायचा तर खालचा माणूस "आरिया" ओरडतो आणि वर उचलायचा तर "हापिस". बाईंनी ती भाषा उचलली. "आरिया… आरिया… हळू… बस, हापिस!" सेक्टर सहातल्या त्या बाथरूममधून इतकं शिस्तीचं काम चालायचं की रस्त्याने जाणारा, क्रेनला भार बांधणारा एखादा रिगर क्षणभर थबकत असेल.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. साडभाऊंनी अहिवाऱ्याला घर बांधलं होतं. घर सुरेख आहे. पण तो सगळा चुनखडीच्या खाणींचा भाग, आणि बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पहिल्याच महिन्यात बाईंच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. साडभाऊ स्कूटरवर कॅन लादून कुठून कुठून पाणी आणायचे. पण कॅनमधल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो असं ठरलं, आणि एका रविवारी सकाळी दोघं कोहक्याला आमच्या दारात उभे राहिले. बाईंच्या हातात पितळी डबा, डब्यात रिठा-शिकेकाई, पिशवीत तेल, कंगवा आणि तो अभ्रा.

"तुमच्या नळाचं पाणी बढिया आहे," बाई म्हणाल्या. "आता दर रविवारी येत जाऊ."

आमच्या घरात बाथरूम एकच आहे. त्यानंतरचे माझे रविवार मी दाराबाहेर घालवले. आधी तेल कोमट करून मुरवायचं, मग धुवायचं, आणि बाईंचं झालं की माझ्या बायकोची पाळी. बहिणीचे केस बाई स्वतः धुवायच्या. मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा. आतून "आरिया, आरिया" आणि दोघींचं हसणं. दुपारी जेवायच्या वेळी मला आंघोळ मिळायची. नालीच्या जाळीतले केस काढायचं कामही माझंच. मी चिडायचो, आणि चिडल्याबद्दल स्वतःवर पुन्हा चिडायचो.

शेवटी मी एक उपाय काढला. पाणी मऊ करणारं मशीन मिळतं. ते मी बाईंना कळू न देता साडभाऊंशी बोलून अहिवाऱ्याच्या टाकीला बसवून दिलं. वरकरणी भेट होती. बसवणारा जाताना म्हणाला, "भैया, इसमें हर हफ्ते नमक डालना पड़ेगा." मी साडभाऊंना बाजूला घेतलं. केसांच्या पाण्यात मीठ जातं हे बाईंना कळलं तर त्या ते मशीन खाणीत फेकून देतील. ते गुपचूप टाकतो म्हणाले. त्या दिवशी बाईंनी नळाखाली हात धरला, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाल्या, "पाणी मऊ झालं जवाईबापू." आणि नळ घट्ट बंद केला.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी सकाळीच आंघोळ केली, पेपर वाचला, दुसऱ्यांदा चहा घेतला. बायको बाथरूममध्ये गेली आणि शाम्पू लावून लगेच बाहेर आली. केस टॉवेलने खसाखसा पुसले. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्याही पुढच्या रविवारी ती आरशासमोर उभी राहून ओले केस विंचरत होती, वरून खाली.

"अवं, ओले हायेत," मी म्हटलं.

"मंग? कोन पाहून राहिलं?" ती म्हणाली.

मी उठलो आणि बाईंना फोन लावला.

"बाई, एक गोष्ट सांगाची राहून गेली. त्या मशीनमंधी मीठ टाका लागते."



"मीठ?"

"हो. पाणी मऊ कराले मीठच लागते."

"माय वं! मंग मी एवढे दिवस केसाचं लोणचं घालून राहिली काय? पयले सांगा लागत होतं नं!"

"चुकलंच. म्हणून म्हटलं, रविवारी इकडंच येत जा."

"अन् तुमच्या आंघोळीचं?"

"माह्या डोक्यावर धुवाले काय राहिलं?"

"ते आहेच," बाई म्हणाल्या. "फडकं बांधलं नाही."

रविवारी दोघं आले. पितळी डबा आला, पिशवी आली. बहिणी आत गेल्या, कडी लागली. मी आणि साडभाऊ बाहेर बसलो. मी त्यांना हळूच म्हटलं, "भाऊ, माह्या फोनच्या आधी तुमी मिठाचं सांगितलं तर नव्हतं नं तिकडं?"

साडभाऊंनी चहा फुंकला. "तिले कायले सांगाचं? पयल्याच हप्त्यात पाहिलं तिनं. म्हणे, तुमच्यानं सांडते. तवापासून तीच टाकते."

"अन् मंग येत कावून नव्हत्या?"

"जवाईबापूनं मशीन बसवून देल्ली, म्हणे. आता आपण समजाचं ते समजून घ्यावं."

आतून आवाज आला, "आरिया… आरिया…" आणि पाठोपाठ माझी बायको बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.

दार उघडलं तेव्हा बाई उंबऱ्याशी बसून बोटांनी गुंता सोडवत होत्या. हातात आलेल्या केसांची त्यांनी गुंडाळी केली. पांढरेच जास्त होते, आणि गुंडाळी अहिवाऱ्याच्या जड पाण्यावर यायची तेवढीच होती. ती त्यांनी माझ्याकडे न बघता मुठीत मिटली.

"पाण्याचं काही नसते जवाईबापू," त्या म्हणाल्या. "वय झालं की केस जातेच. धुवाले कोनी सोबत असलं म्हणजे झालं." आणि लगेच हात पुढे केला. "बनियन आणा."

दोरीवर जुना नव्हता. मी कपाटातून चांगला काढून दिला. त्यांनी तो बोटांत धरून पाहिला.

"हा तर नवाच दिसून राहिला."

"नरम आहे," मी म्हटलं.